तारीख आणि उसाचा फड

चिंतन लिहिणाऱ्याला दिनविशेष ही मोठी सोय असते. ८ मार्चला स्त्रियांवर, ५ जूनला झाडांवर, ५ सप्टेंबरला शिक्षकांवर लिहावे, साजेसे वचन शोधावे, शेवटी दोन ओळींची प्रार्थना जोडावी. पान भरते आणि कोणी दुखावतही नाही. मात्र असे चिंतन कोल्हापूरजवळच्या पेठ वडगावात वाचले काय आणि वसईत वाचले काय, एक शब्दही बदलावा लागत नाही. मला तोच त्याचा दोष वाटतो. रोजच्या जगण्यावर लिहायचे तर आधी त्या जगण्यातले काम, त्याचा हंगाम आणि त्यातला पैशाचा व्यवहार समजून घ्यावा, मग वचनाकडे वळावे. तारीख सर्वांत शेवटी पाहावी.

१ मेचेच घ्या. हा दिवस कामगारांचा होताच. १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी तो कामगार संत योसेफाच्या नावे केला आणि १९६० पासून तो आपल्या राज्याचाही झाला. असा तिहेरी योग आल्यावर श्रमाच्या पावित्र्यावर चार परिच्छेद कोणालाही सुचतील. पण वडगावच्या शिवारात सर्वांत कष्टाचे काम करणारा ऊसतोड मजूर त्या दिवशी इथे नसतो. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू होतो तेव्हा बीडकडून, जतकडून टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. उन्हाळा तापू लागला की कारखान्यांचे पट्टे पडतात, गाळप थांबते आणि बिऱ्हाडे गावी परततात. म्हणजे मजुरावरचे चिंतन आपण तो निघून गेल्यावर वाचतो, तेही गहिवरून.

या गहिवरात वचनही चुकीचे निवडले जाते. मजूर म्हटला की हात याकोबाच्या पत्राकडे जातो. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असे त्याच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तर गरिबाची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, अशी आज्ञाच आहे. दोन्ही वचने जबरदस्त, पण उसाच्या फडात ती नेमकी बसत नाहीत, कारण इथला व्यवहार उलटा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते आणि टनामागे ठरलेल्या दराने ऊस तोडून ती फेडायची असते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. पैसा आधी हातात पडतो आणि माणूस त्यातच अडकतो. तेव्हा इथे मजुरीच्या वचनापेक्षा कर्जाचे वचन लागू पडते: सातव्या वर्षी ऋण सोडून द्यायला सांगणारा अनुवादाचा पंधरावा अध्याय, किंवा लेवीयातले पन्नासावे, योबेलचे वर्ष. उचल कशी चालते हे ज्याला ठाऊक नाही, तो ही पाने उघडणारच नाही. उघडली की चिंतन अवघड होते. सातवे वर्ष जवळ आले म्हणून उसने द्यायला हात आखडू नकोस, असेही तिथे बजावले आहे. म्हणजे ‘उचलच बंद करा’ हा सोपा उपायही शास्त्र आपल्या हाती देत नाही. शिवाय याकोबाचे वचन मालकाकडे बोट दाखवून मोकळे होते. ऋणमुक्तीची आज्ञा मात्र ज्याने कोणी चार पैसे उसने दिलेत अशा प्रत्येकाला गाठते, आणि तसे लोक मंडळीच्या बाकांवरही बसलेले असतात.

ख्रिस्ती सणांनाही हीच कसोटी लावावी. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, पुढे वडगावजवळच्या कोडोलीत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे ठाणे झाले. या पट्ट्यातली मंडळी शेती जाणणारी आहे. तिच्यापुढे पुनरुत्थानदिनी खोडव्याचे उदाहरण द्यायचा मोह होतो: ऊस तोडला तरी बुडख्यातून कोंब फुटतोच ना! पण लागणीपेक्षा खोडव्याचा उतारा कमी आणि निडव्याचा, म्हणजे दुसऱ्या खोडव्याचा, त्याहून कमी, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. दर वर्षी उतरत जाणारे पुनरुत्थान त्याच्या गळी कसे उतरणार? ईयोबाच्या चौदाव्या अध्यायातही तोडलेल्या झाडाला पुन्हा फुटायची आशा आहे, माणसाला नाही, अशीच तक्रार आहे. खोडवा त्या तक्रारीसाठी राखावा.

चिंतन वचनासाठी असते, उसाचे हिशोब सांगायला वर्तमानपत्रे आहेत, असा यावर आक्षेप येतो. मग येशूच्या दाखल्यांचे काय करायचे? खमिराच्या दाखल्यातली बाई तीन मापे पीठ घेते, शंभरेक माणसांना पुरेल एवढे. द्राक्षमळ्याचा धनी मजूर आणायला दिवसातून पाच वेळा बाहेर पडतो. ऐकणाऱ्यांना पीठ आणि रोजंदारी दोन्ही माहीत होती, म्हणूनच हे आकडे त्यांना खटकले असणार, आणि खटकल्यावरच दाखला सुरू होतो. दुसरा आक्षेप तारखांच्या बाजूने आहे: ठरलेला दिवस नसेल तर सगळ्यांनी मिळून आठवण काढणे होतच नाही. हे मला मान्य आहे. इंग्लंडच्या चर्चने ३० एप्रिल हा दिवस पंडिता रमाबाईंच्या स्मरणासाठी ठेवला आहे. आपल्या किती मंडळ्यांत तो पाळला जातो, हा प्रश्न विचारायलाही तारीखच उपयोगी पडते. तिसरा आक्षेप खरा बोचतो. दुसऱ्याच्या हलाखीवर आपण आपली भक्ती पोसतो, असे कोणी म्हटले तर त्याला पूर्ण उत्तर नाही. एवढेच करता येईल की टोळीतल्या माणसांसमोर मोठ्याने वाचता येणार नाही असे एकही वाक्य ठेवू नये. या अटीवर बरीच गोड वाक्ये गळतात.

मग मजुरावरचे चिंतन नाताळात वाचावे, तोडणी भरात असताना, आणि कोपीला बेथलेहेमचा गोठा म्हणायचे टाळून. १ मेलाही पान कोरे राहणार नाही. वडगावच्या बाजारात तेव्हाही हमाल असतात. अकराव्या तासाला कामावर घेतलेल्या मजुराचा दाखला त्यांच्यासाठी काढता येईल, फक्त दिवसाकाठी त्यांच्या हातात काय पडते हे आधी त्यांनाच विचारून घ्यावे.