रानातली भाऊबीज

आमच्याकडे भाऊबीज पाळीनं असते. एका वर्षी वन्सं हडपसरला बोलावतात, एका वर्षी धाकटे भाऊजी ठाण्याला, आणि मग आमची पाळी येते. २०२० साल आमच्या वाट्याला आलं. बारामतीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये एरवी पंधरा-वीस माणसं मावतात. म्हणजे मावत नाहीत, पण तसं कुणी म्हणत नाही. त्या वर्षी मात्र गणपती उठल्यापासूनच मला ती सगळी माणसं दारं-खिडक्या लावून, एका पंख्याखाली, एकाच परातीतला चिवडा खाताना दिसायला लागली.

एप्रिलमध्ये बारामतीत भिलवाडा पॅटर्न आला, शहर कडेकोट बंद झालं, भाजी-किराणा दारात यायला लागला, तेव्हा खरं सांगायचं तर मी निवांत होते. कुणी यायचं नाही, कुणाकडे जायचं नाही, त्यामुळे ठरवायचं असं काही उरलंच नव्हतं. त्रास सुरू झाला तो सगळं उघडल्यावर. आता प्रत्येक गोष्ट आपली आपण ठरवायची! रात्री उठून ऑक्सिमीटर बोटाला लावायचे. ९८ दिसले की झोपायचं, ९६ दिसले की बोट चोळून पुन्हा लावायचा. छातीत धडधडलं की कोरोनाच. आमच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "फुप्फुसं ठणठणीत आहेत. बातम्या बघू नका." मी बातम्या बंद केल्या. मग हे जेवताना तालुक्याचे आकडे वाचून दाखवायला लागले.

काळजी माझ्यापेक्षा आबांची जास्त होती. माझे सासरे सत्तरीच्या पुढचे, साखर आहे, हृदयाचं ऑपरेशन झालेलं. ते आणि आई राहतात इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्याच्या पुढं आमच्या वस्तीवर. भाऊबीज बारामतीत म्हणजे त्यांना गाडीत घालून फ्लॅटवर आणायचं आणि पुण्या-ठाण्याच्या माणसांत बसवायचं. आणि रद्द करावी, तर यांच्या आत्या सहा महिने बोलणार नाहीत.

तोड काढली आईंनी. फोनवर म्हणाल्या, "हितंच या की समदी. घरात कशाला शिरायचं? लिंबाखाली बसा." आईंच्या आजीनं प्लेग पाहिला होता. तेव्हा गावं रिकामी करून लोक रानात झोपड्या घालून राहत. त्या गोष्टी ऐकतच आई लहानाच्या मोठ्या झालेल्या; साथीत माणसानं रानात जायचं असतं, यात त्यांना काही नवल वाटत नव्हतं.

जागा ठरली, पण नियम सांगायचे कुणी? मी घरातल्या ग्रुपवर लिहून टाकलं: सर्दी-खोकला असेल त्यानं येऊ नये, आधीचा आठवडा कुठं लग्नाकार्याला जाऊ नये, अंगणात मास्क, मुक्काम नाही. दिवसभर कुणी काहीच बोललं नाही. रात्री वन्संचा फोन आला. "आम्ही काय रोग घेऊन येतोय का गं?" मी हवेतून पसरणाऱ्या कणांबद्दल वाचलेलं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माहेरी यायला आता परवानगी काढायची म्हणजे!" आत्यांनी तर यांनाच विचारलं, "सुनेच्या राज्यात आलो का रं आम्ही?"

मला वाटतं, त्या साथीत सगळ्यात अवघड हेच होतं. मास्क शिवून मिळत होता. थोरल्या नणंदेला 'मास्क लावा' म्हणायची सोय कुठंच मिळत नव्हती.

हे प्रकरण मिटवलं आबांनी, एका वाक्यात. ते वारकरी. तुकोबारायांची पालखी दर वर्षी आमच्या रस्त्यानं जाते. बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. त्या आषाढात रस्ता मोकळा राहिला, कारण पादुका ३० जूनला थेट एसटीनं पंढरपूरला गेल्या. आबांनी वन्संना फोन लावला आणि म्हणाले, "बाळे, तुकोबाराय एष्टीनं गेले. आपुन कोण लागून गेलो?" वन्सं गप्प. आत्यांचं समाधान व्हायला आणखी चार दिवस लागले. तेवढ्यात शरद पवारांनीही त्या वर्षी पाडव्याला त्यांच्या घरी, गोविंदबागेत, भेटायला येऊ नका म्हणून सांगितलं. राज्यभरातून जिथं रांग लागते ती गोविंदबाग बंद! बारामतीच्या माणसाला यापुढं आणखी पुरावा लागत नाही. मी वाचलेला एकही लेख कुणाच्या उपयोगी पडला नाही.

पाडवा आणि भाऊबीज दोन्ही १६ नोव्हेंबरला, सोमवारी आले. त्याच दिवशी राज्यातली देवळं उघडली. आबांना सकाळीच विठ्ठलाला जायचं होतं. गर्दी ओसरल्यावर दोन दिवसांनी जा, म्हणून त्यांना थांबवलं. ठाण्याच्या भाऊजींना आदल्या रात्री नाक गळायला लागलं. चाचणी तेव्हा ९८० रुपयांवर आली होती, पण अहवाल कधी येणार? ते आलेच नाहीत. रागावले होते, हे आवाजावरून कळत होतं.

ऑक्टोबरच्या अतिवृष्टीत अंगणाची माती वाहून गेली होती. यांनी मुरूम टाकून घेतला होता. लिंबाखाली एक बाज, चिंचेखाली एक, गोठ्याच्या कडेला ताडपत्री. एक कुटुंब, एक जागा. पुरणपोळ्या आईंनी आणि मी केल्या, आणि वाढायला मी एकटीच. बाकी कुणी भांड्याला हात लावायचा नाही. फराळ घरटी डब्यात भरून ठेवला. वन्संचा धाकटा डबा उघडून तिथंच चकल्या मोजायला बसला.

औक्षणाची वेळ आली. वन्संनी सवयीनं पर्समधून सॅनिटायझर काढून हातावर घेतला आणि निरांजन उचलायला गेल्या. "अहो, थांबा!" मी ओरडलेच. स्पिरिटनं ओल्या हातांनी ज्योत! त्यांना हौदावर नेऊन साबणानं हात धुवायला लावले. हे पाटावर बसले, मास्क लावून. कुंकू यांनी स्वतःच आरशात न बघता लावलं, ते भुवईवर आलं. वन्संनी हात लांब करून ओवाळलं, अक्षता डोक्यावर टाकायच्या त्या लांबूनच भिरकावल्या, अर्ध्या कोंबड्यांनी टिपल्या. मास्कच्या आड वन्सं हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. भाऊजींना फोनवर ओवाळलं. रेंज जाऊन ते मधेच तोंड उघडं ठेवून थिजले, आणि पोरं लोळायची बाकी राहिली.

माझी धडधड गेली नव्हती. वाढताना मी कोण कुणाजवळ सरकतंय तेच बघत होते. फरक एवढाच, की बघायला काहीतरी होतं आणि सांगायला तोंड होतं. रात्री पलंगावर दोन्ही नसायचं. ऊन उतरायच्या आत गाड्या निघाल्या. वन्सं आईंच्या पाया पडल्या त्या लांबूनच, मातीला हात लावून.

पुढचे दोन आठवडे मी रोज आबांना फोन करून ताप विचारत होते. शेवटी ते वैतागले, "अगं, पोरी, उसाला तोड आलीय, मला सवड न्हाय." चौथ्या-पाचव्या दिवशी वन्संच्या धाकट्याला कणकण आली, तेव्हा माझी झोप पुन्हा उडाली. चाचणी निगेटिव्ह आली. सगळ्या चकल्या त्यानं एकट्यानं संपवल्या होत्या, असं नंतर कळलं.

२०२१ ची पाळी वन्संची. तोवर मोठ्या माणसांची लस झाली होती, हडपसरचं घरही मोठं. दसऱ्यालाच त्यांचा फोन आला. "हडपसरला नको गं, रानातच करू. पण ऐक, लिंबाखालची बाज या वेळी आमची. मागच्या वर्षी तू आम्हाला गोठ्यापाशी बसवलंस."