थकव्याचा हिशेब

‘एवढा वेळ कुठून काढता हो मॅडम?’ हा प्रश्न मला बँकेत काउंटरच्या पलीकडून येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, मुलाच्या शाळेच्या फाटकाशी येतो. उत्तर सोपं आहे. पहाटे साडेतीनला वेळच वेळ असतो. तो कुणालाच नको असतो, हवा तेवढा उचलावा. घर झोपलेलं असतं, दूध यायचं असतं, नळाला पाणी यायचं असतं. खरी अडचण सुरू होते ती परत आल्यावर, उंबऱ्याशी बसून बुटांच्या नाड्या सोडताना. दिवस तर आत्ता कुठे उजाडलेला असतो आणि घराच्या वाट्याला जी मी उरलेली असते, ती संध्याकाळपर्यंत पुरणार का, हे मात्र कुणी विचारत नाही.

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. त्याच्या पुढचं सगळं अल्ट्रा. माझी तयारी चालली आहे ती दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्सची. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधलं हे अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास भरतं, आणि ते बारा तासांच्या आत संपवायचं असतं. शर्यत बहुतेक जूनमध्ये असते, तिथल्या हिवाळ्यात. त्यामुळे तयारीचे महिने आपल्याकडे नेमके उन्हाळ्याचे येतात. थोरलीची दहावी, धाकट्याची वार्षिक परीक्षा, दोन्हीकडची लग्नं, आंबे, वाळवणं आणि बँकेतला मार्चअखेर, सगळे एकाच दारातून आत येतात. त्यांच्या मागोमाग माझं वेळापत्रकही येतं. फ्रिजवर चुंबकानं चिकटवलेलं.

समर्थ मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट सुरू होतो. अंधारात तो दिसत नाही, पोटऱ्यांना कळतो. कपाळावरच्या दिव्याचा एक गोल पुढे पुढे सरकत असतो आणि त्या गोलात जेवढा रस्ता मावेल तेवढाच आपला. चढावर अल्ट्रा धावणारी माणसं सरळ चालतात. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. छाती फुटेस्तोवर पळायचं नाही, श्वास आणि पाऊल यांचं एकमेकांशी पटेल एवढंच जायचं. वळणावर मागे पाहिलं की साताऱ्याचे दिवे खाली पसरलेले, अजिंक्यताऱ्याचा काळा माथा त्यांच्यावर कलंडलेला. फाल्गुनात करवंदीच्या फुलांचा वास एखाद्या वळणावर अचानक अंगावर येतो आणि पुढच्या वळणाला नसतो. वरच्या गावांतून दुधाचे कॅन बांधलेल्या मोटारसायकली उतरायला लागतात. एखादा हात वर करतो, एखादा ‘निम्म्या रात्री कुठं निघालाय?’ म्हणून पुढे जातो.

सांबरवाडी, पेट्री करत रस्ता कासच्या पठारावर पोचतो. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरच्या घरात. कास म्हटलं की लोकांना सप्टेंबर आठवतो, फुलांचे गालिचे, गाड्यांच्या रांगा. एप्रिलमधलं कास कुणी पाहायला जात नाही. तेव्हा तिथे असतो तो नुसता तांबूस-काळा कातळ आणि त्याच्या भेगांत वाळून गेलेलं गवत. वर काही नाही, सगळं खाली दडलेलं, पावसाची वाट बघणारं. मला ते पठार तसंच आवडतं. माझ्याकडून त्याची काही अपेक्षा नसते.

अपेक्षा असते ती परतीच्या रस्त्याची. चढ दमवतो, पण मोडतो तो उतार. प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं ओझं झेलत असतो. त्या झेलण्यानं स्नायूंचे तंतू बारीक बारीक उसवतात. त्याची कळ लगेच कळत नाही, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळते. शरीरात साठवलेली साखर दोन-अडीच तासांत संपत येते आणि पुढचा मोठा भार चरबीवर पडतो. म्हणून खिशात राजगिऱ्याचे लाडू, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खारे शेंगदाणे. नुसतं पाणी घटाघट पिऊनही चालत नाही, रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस आडवा होतो. हे सगळं पुस्तकात आहे, प्रशिक्षकाच्या तक्त्यात आहे. रविवारी सकाळी नऊ वाजता घरी पोचलेल्या बाईनं दुपारी काय करायचं, तो रकाना तेवढा तक्त्यात रिकामा असतो. तिथे फक्त ‘विश्रांती’ असं छापलेलं असतं.

विश्रांती! रविवारी दुपारी! धाकटा रॅकेट घेऊन दारात उभा, थोरलीला प्रमेय अडलेलं, ह्यांनी मंडईतून आणलेली मेथी निवडायची पडलेली, नणंदेचा फोन. मी त्या सगळ्यांत असते, पण थोडी मागे, काचेपलीकडे असल्यासारखी. ‘हो’ म्हणते आणि काय विचारलं ते आठवत नाही. सुरुवातीला घरच्यांना वाटलं, धावून आली म्हणजे ताजीतवानी असणार. हळूहळू त्यांना कळलं की मी घरी आणते तो थकवा असतो, आणि तो सगळ्यांत वाटला जातो. ह्यांनी न बोलता रविवारच्या पोळ्या शेजारच्या गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्राकडे सोपवल्या. थोरली म्हणाली, ‘आई, तू झोप, मी भात लावते.’ मला बरं वाटलं आणि लगेच टोचलंही. परीक्षा तिची होती.

मग कुरडयांचा रविवार आला. तक्त्यात त्या दिवशी कास होतं. बुधवारी रात्री स्वयंपाकघरात गेले तर पातेल्यात गहू भिजत घातलेले. कुरडयांचा गहू तीन दिवस पाण्यात राहतो, रोज पाणी बदलावं लागतं. मग तो वाटायचा, गाळायचा, चीक रात्रभर ठेवायचा. सकाळी वरचं निवळलेलं पाणी ओतून टाकलं की तळाशी पांढरा घट्ट चीक राहतो, आणि तो त्याच सकाळी शिजवावा लागतो, नाहीतर आंबतो. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, म्हणाल्या, ‘तू जा बाई तुझ्या रस्त्यानं. माझं मी बघते.’ पण आधणात चीक ओतणारा एक हात आणि गाठी होऊ न देता घोटणारा दुसरा, एवढं तर लागतंच. धावणं पुढे ढकलता येतं, गव्हाला थांब म्हणता येत नाही.

मी मध्यरात्र उलटताच निघाले, पेट्रीच्या आसपासहून मागे फिरले आणि उजाडायच्या आधी घरी आले. आईंनी आधण ठेवलं होतं, मीठ-हिंग पडलेलं. त्या ओतत गेल्या, मी घोटत गेले. चीक आधी दुधासारखा, मग आळत आळत उलथन्याला ओढायला लागतो, आणि शेवटी काचेसारखा होतो. दोन्ही हातांनी घोटावं तेव्हा कुठे तो हलतो. वाफ तोंडावर येत होती, मांड्या थरथरत होत्या. चीक झाला तसा आईंनी त्याचा एक गोळा तूप घालून वाटीत काढला, धाकट्यासाठी. मग सोऱ्या भरला, गच्चीवर गेल्या आणि वाकून एकेक कुरडई घालायला लागल्या. तासाभरानं कठड्याला धरून सरळ झाल्या, दोन्ही हात कमरेवर ठेवून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत.

माझ्या मनगटावरच्या घड्याळात माझी झोप नोंदलेली होती, हृदयाचे ठोके नोंदलेले होते, पावलं, चढ, उतार, सगळं. थकवा किती टक्के उतरला हेही ते घड्याळ सांगतं. त्या चार दिवसांत पाणी बदलायला, गहू वाटायला, चीक गाळायला आई किती वेळा उठल्या, याची नोंद कुठेच नव्हती. माझा थकवा मी हौसेनं विकत घेतलेला, त्याला आलेख होता, पुढे पदक मिळणार होतं. त्यांचा थकवा घरातल्या भिंतींसारखा, सदा तिथेच आणि म्हणून न दिसणारा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी पुन्हा घाट चढले. दमलेल्या पायांनी धावायची सवय व्हावी म्हणून प्रशिक्षक मुद्दाम असं करायला लावतातच, त्यामुळे तक्ता फारसा बिघडला नाही. बिघडली ती माझी समजूत. थकले म्हणून आपल्याला सवलत हवी, असं मी आजवर धरून चालले होते.

कॉम्रेड्सचा इतिहास वाचताना एका बाईचं नाव माझ्या मनात राहून गेलं आहे. व्हिक क्लॅपम या रेल्वेच्या इंजिनचालकानं पहिल्या महायुद्धातल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी १९२१ साली ही शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण धावले, १६ जणांनी ती पूर्ण केली. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड या बाईंनी अर्ज केला, तो नाकारला गेला. त्या तरीही धावल्या, आणि ११ तास ३५ मिनिटांत पोचल्या. अधिकृत नोंद नाही म्हणून पदक नाही. इतर धावपटूंनी आणि बघ्यांनी मिळून त्यांना भेट दिली ती चांदीच्या चहाच्या सेटची. कौतुकानंच दिली असणार. पण नव्वद किलोमीटर पळून आलेल्या बाईच्या हातात शेवटी किटली यावी, याचं मला हसूही येतं. बायकांना या शर्यतीत अधिकृत प्रवेश मिळाला तो थेट १९७५ साली. बाईचे श्रम सगळ्यांना दिसतात, टाळ्याही पडतात. कागदावर यायला मात्र पन्नास वर्षं लागतात.

या शर्यतीत बारा तास भरले की बंदुकीचा बार होतो. तो उडवणारा माणूस पळणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो. कोण दोन पावलांनी चुकलं हे त्यानं बघायचं नाही, म्हणजे हात अडखळणार नाही. घरात असा बार होत नाही. उशिरा पोचलं तरी दार उघडं असतं, ताट झाकून ठेवलेलं असतं. तिथे कुणी बाद करत नाही म्हणूनच घराला गृहीत धरणं फार सोपं जातं.

कुरडया वाळून डब्यात गेल्यावर मी फ्रिजवरच्या तक्त्याला उजवीकडे एक रकाना वाढवला. त्यात घरातल्या इतरांची विश्रांती लिहायची. शनिवारची दुपार आईंची, त्या दिवशी चहापासून रात्रीच्या भाकरीपर्यंत सगळं माझं आणि ह्यांचं. परीक्षेच्या आठवड्यात थोरलीला कोणतंही काम नाही, माझं लाँग रन असलं तरी. ‘मला काय धाड भरलीय विश्रांती घ्यायला?’ आई म्हणाल्या. पहिल्या शनिवारी त्या तरीही लसूण सोलत बसल्या. पुढे मात्र दुपारी साडी बदलून भजनी मंडळाकडे जायला लागल्या, आणि परत आल्यावर कुणाचा सूर कसा लागला ते सांगायला लागल्या. त्या चांगल्या गातात, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं. माझं अंतर या रकान्यानं थोडं घटलं. एखादा रविवार कासऐवजी सांबरवाडीपर्यंतच झाला. शर्यतीला तेवढ्यानं काही बिघडत नाही, अल्ट्राची तयारी महिनोन्‌महिन्यांची असते, एका रविवारची नसते.

मला आता धावायला नव्यानं लागलेल्या मैत्रिणी सल्ला विचारतात. बूट कोणते, खायचं काय, गुडघ्याचं काय. ते कुणीही सांगेल. मी एवढंच सांगते: अर्ज भरण्याआधी घरच्यांसोबत बसा आणि वेळापत्रकात तुमच्या धावण्याच्या शेजारी घरातल्या दुसऱ्या माणसाच्या विश्रांतीचा वार लिहा. तो लिहिता येत नसेल, तर यंदा अर्ज भरू नका. शर्यत पुढच्या वर्षीही असते.