वर्षाच्या मध्यावरील गुरुबदल

वर्ष अर्धें सरलें असतां वर्गाचा शिक्षक बदलणें ही गोष्ट बाहेरून पाहणाऱ्यास जितकी सोपी दिसते तितकी ती नसते. नवा मनुष्य दुसऱ्याच्या अपुऱ्या धड्यावर येऊन उभा राहतो, आणि मुलें फळ्याकडे न पाहतां त्याच्या तोंडाकडे पाहत असतात. उभा जन्म मास्तरकींत गेल्यामुळें या प्रसंगाविषयीं मला विशेष जिज्ञासा आहे. माझा नातू जर्मनींतील फुटबॉलचा मोठा भक्त. त्याच्या तोंडून तिकडील हकीकती ऐकतां ऐकतां चेंडूपेक्षां तेथील शिक्षकांकडेच माझें लक्ष अधिक वेधलें.

म्युनिक येथील बायर्न हा त्या देशांतील विख्यात संघ. २०१९ च्या उन्हाळ्यांत निको कोवाच या प्रशिक्षकांनीं त्यास साखळी स्पर्धा आणि राष्ट्रीय चषक हीं दोन्ही बक्षिसें मिळवून दिलीं. परंतु त्याच वर्षीं २ नोव्हेंबरला फ्रँकफुर्ट येथें संघ ५-१ असा हरला आणि दुसऱ्या दिवशीं कोवाच पायउतार झाले. पराभव हें निमित्त होतें. थॉमस म्युलरसारखा जाणता खेळाडू कित्येक सामन्यांत आरंभीं बाहेर बसूं लागला होता, आणि कुरबूर चव्हाट्यावर आली होती.

त्यांच्या जागीं आले हान्सी फ्लिक. हे कोवाचांचेच दुय्यम. २०१४ सालीं जर्मनीनें विश्वचषक जिंकला तेव्हांहि ते दुय्यमच होते. पहिले चार सामने संघानें एकहि गोल न स्वीकारतां जिंकले. मग साखळींत लागोपाठ दोन पराभव झाले आणि संघ सातव्या क्रमांकावर घसरला. अशा वेळीं चालकांचा धीर सुटतो. येथें तो सुटला नाहीं. डिसेंबरांत हंगामाच्या अखेरपर्यंत फ्लिक यांसच कायम करण्यांत आलें. त्यानंतर त्या हंगामांत संघ स्पर्धेचा एकहि सामना हरला नाहीं. साखळी, चषक आणि ऑगस्ट २०२० मध्यें लिस्बन येथें युरोपचें विजेतेपद अशीं तिन्ही बक्षिसें आलीं; वाटेंत बार्सिलोनासारख्या संघाचा ८-२ असा पाडाव झाला. बाहेर बसणाऱ्या म्युलरनें साखळींत २१ गोलांस साहाय्य केलें.

यावरून ‘शिक्षक बदला म्हणजे निकाल सुधारेल’ असें कोणी म्हणेल, तर तो काकतालीय न्याय होय. कावळा बसला आणि फळ पडलें, एवढ्यानें कावळ्यानें फळ पाडलें असें ठरत नाहीं. २०२३ च्या मार्चमध्यें याच संघानें यूलियन नागेल्समान यांस दूर करून थॉमस टुखेल यांस बाहेरून आणलें. संघ तेव्हां साखळींत अवघा एक गुण मागें होता. महिन्याभरांत दोन्ही चषकस्पर्धांतून तो बाद झाला, आणि साखळीचें विजेतेपद शेवटच्या दिवशीं, गुण समान असतां, केवळ गोलफरकानें पदरीं पडलें.

मग फ्लिक यांचें वेगळेपण कोणतें? ते त्याच वर्गांत मागच्या बाकावर बसून मुलें ओळखत होते. आणि त्यांनीं फळा सगळा पुसला नाहीं. आल्फोन्सो डेव्हिस या तरुणास डाव्या बगलेच्या बचावांत उभें करण्याचा उपक्रम कोवाचांच्या अखेरच्या आठवड्यांतच सुरू झाला होता; फ्लिक यांनीं तोच वाढवला. मीं एका शाळेंत याच्या उलट पाहिलें आहे. मध्येंच आलेल्या एका गृहस्थांनीं पहिल्याच दिवशीं आधीच्या गुरुजींच्या वह्या टाकाऊ ठरवल्या. मुलांचें जुनें गेलें, नवें आलें नाहीं, आणि गेलेल्या गुरुजींस निरोपाचे दोन शब्दहि लाभले नाहींत. तें शल्य मला अजून बोचतें.

म्हणून या कथेचा उत्तरार्ध मला अधिक प्रिय आहे. फेब्रुवारी २०२५ मध्यें, भर हंगामांत, डॉर्टमुंडचा संघ साखळीच्या मध्यभागीं रुतला असतां त्याची धुरा कोवाच यांच्याकडे आली, आणि हंगाम संपला तेव्हां तो संघ चौथा होता. ज्याची खुर्ची एकदां काढून घेतली त्यासच दुसऱ्याच्या अपुऱ्या धड्यावर उभें राहणें साधलें. वाचकहो, पदावरून दूर झालेला मनुष्य निकामी ठरत नसतो; त्याला निरोप देतांना एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ आहे.