मोहिमेची वही

आमच्या वहीत सध्या ऑगस्ट 1813 चालू आहे. सॅक्सनीत पाऊस लागून राहिलाय, वाटा चिखलाने भरल्यात, आणि ड्रेस्डेनला फ्रेंचांचा तळ आहे. मोहिमेतला एक दिवस खेळायला आम्हाला कधी कधी महिना जातो. खेळणारे मित्र वेगवेगळ्या गावांत, मी पंच. दोन्ही बाजूंचे लेखी हुकूम माझ्याकडे येतात, नकाशावर सैन्यं मी सरकवतो आणि ज्याच्या नजरेच्या टप्प्यात जेवढं येईल तेवढंच त्याला कळवतो. प्रशियाच्या तोफखान्यातल्या राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने 1824 साली हीच रीत बसवून दिली.

वहीत मला सर्वांत प्रिय आहेत ती हजेरीची पानं. फ्रेंच मार्शल मॅकडोनाल्डच्या सैन्याचं पान उघडलं, की डावीकडे पलटणींची नावं, मग हजर, आजारी, मागे राहिलेले, दारूगोळा, पाव. एका पलटणीचा आकडा 612 वरून 540 वर, तिथून 471 वर आलाय, आणि शत्रूची एक गोळीही तिला लागलेली नाही. पाऊस, उपास आणि चाल यांनीच माणसं नेली. रशियात जुनं सैन्य संपल्यावर नेपोलियनने उभी केली ती कोवळी पोरं. त्यांची दमछाक खेळाच्या मेजावर दिसत नाही, तिथे शिपाई ताठच उभे असतात. ती दिसते या रकान्यांत. नेपोलियन स्वतः अशी पत्रकं आवडीने वाचायचा, ते मला अगदी पटतं.

पण वहीचा जीव आहे तो दोन रकान्यांत: घडलं कधी आणि कळलं कधी. बाउट्सेनहून ड्रेस्डेन पन्नास-साठ किलोमीटर. प्रशियाचा सेनापती ब्ल्यूशर नदी उतरला ही खबर घेऊन आमचा स्वार संध्याकाळी निघाला. रात्र, चिखल, तो पोचला पहाटे. तोवर सम्राटाची गार्ड दक्षिणेला चालू लागली होती. खेळताना नेपोलियन चालवणाऱ्या मित्राला आपलं नशीब फुटकं वाटलं. वहीत दोन्ही वेळा शेजारी शेजारी आहेत, आणि त्या वाचताना त्याचा निर्णय चोख होता हे कुणालाही कळतं. त्याला जेवढं ठाऊक होतं, तेवढ्यावर तो बरोबरच होता.

खरा इतिहासही असाच उशिराने पोचत आला आहे. असईला शिंद्यांच्या तोफांवर चालून गेलेला वेलस्ली पुढे वेलिंग्टन झाला. त्याने स्पेनमध्ये 21 जून 1813 ला व्हितोरिया जिंकली, आणि ती बातमी ड्रेस्डेनला नेपोलियनच्या हाती पडायला आठ-दहा दिवस गेले. वॉटर्लूच्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास नेपोलियनचा मार्शल ग्रूशी याला लिहिलेली चिठ्ठी त्याला मिळाली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. नेपोलियनचे हुकूम लिहिण्यात आणि पोचवण्यात मुरलेला बेर्तिए त्या लढाईआधीच, 1 जूनला, बाम्बर्गला खिडकीतून पडून मरण पावला होता. निव्वळ लढाईचा निकाल लिहिणारी नोंद यातलं काहीच सांगत नाही, म्हणून तशी नोंद मला अपुरी वाटते.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने 1881-82 च्या हिवाळ्यात दावोसला सावत्र मुलाबरोबर असाच खेळ मांडला होता. माळ्यावर जमिनीवर खडूंनी नकाशा, शिशाचे शिपाई, आणि लढाईच्या बातम्या देणारी काल्पनिक वर्तमानपत्रं. शिपाई केव्हाच गोळा करून ठेवले गेले असतील. त्या बातम्या मात्र 1898 साली छापून आल्या आणि आजही वाचता येतात.

तुम्ही मोहीम मांडणार असाल, तर शिपाई रंगवण्याआधी वही आखा. प्रत्येक हुकुमापुढे ‘लिहिला’ आणि ‘पोचला’ असे दोन रकाने ठेवा, दोन्हींत वेळ घाला. आणि जुना आकडा कधी खोडरबराने पुसू नका. त्यावर एक आडवी रेघ मारा, नवा शेजारी लिहा.