मृत्युपत्रांतील एक नांव

मावळांतील भातखाचरांतला आमचा वांटा आणि लोणावळ्यास स्वकष्टानें बांधलेलें घर, एवढीच आमची संपत्ति. घटस्फोटानंतर मृत्युपत्र लिहावयास बसलों, तेव्हां तिचा निकाल लवकर लागला. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें घटस्फोटित पत्नी वारस राहत नाहीं. कन्या मात्र राहते. दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. नोंदणीची सक्ति नाहीं.

लेखणी अडली ती कन्येच्या पालकापाशीं. ती अजून अज्ञान, म्हणजे १८ वर्षांच्या आंतली. आमच्या पश्चात् तिला आमच्या बंधूंनीं सांभाळावें, ही इच्छा होती. परंतु त्याच वर्षींच्या पालकत्व कायद्याचें ९ वें कलम सांगतें कीं, आईच्या आधीं बाप निवर्तला तर त्यानें नेमलेला पालक निष्फळ. आई स्वतः कोणास न नेमतां वारली, तरच ती नेमणूक पुन्हां जिवंत होते. वाचून मन क्षणभर कडवट झालें. पण न्यायालयानें विवाह मोडला, आईपण नव्हे. घराचीही धास्ती नको. न्यायालयाच्या परवानगीवांचून अज्ञान मुलीचें घर आईसही विकतां येत नाहीं.

बंधूंचें नांव आम्हीं राहूं दिलें. फक्त त्याआधीं ‘तिच्या आईनंतर’ हे शब्द घातले.