काल तुम्ही काय केलंत?

‘वेळ-वापर सर्वेक्षण’ या नावाने राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर पहिली मोठी पाहणी केली. जवळपास 1 लाख 39 हजार घरांतल्या सहा वर्षांवरच्या सगळ्यांच्या दिनक्रमाची चौकशी झाली: काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलंत? विनामोबदला स्वयंसेवा, बिनपगारी प्रशिक्षण आणि तशी इतर कामं करणारे त्यात 2.4 टक्के निघाले. हा आकडा लावून ‘आपल्याकडे शंभरात दोन-तीनच माणसं समाजासाठी राबतात’ असं म्हटलं जातं, तेव्हा नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणारी मी अस्वस्थ होते. आकडा चुकीचा नाही, त्याचं वाचन चुकतं. मुळात त्यात मुलंही आहेत, म्हणजे प्रौढांचं प्रमाण त्यावरून थेट कळतच नाही. दुसरं, तो एका दिवसाचा आहे. समजा, प्रत्येक स्वयंसेवक महिन्यातून एकच दिवस काम करतो. मग कुठल्याही एका दिवशी 2.4 टक्के दिसायला महिनाभरात 72 टक्के लोकांनी हात लावलेला असावा लागेल. उलट तीच मंडळी रोज करत असतील, तर एकूण 2.4 टक्केच. एवढ्या रुंद दरीतलं खरं उत्तर ‘काल’ या प्रश्नातून मिळणार नाही. समाजाच्या कामात एकूण किती वेळ जातो, हे मात्र त्यातून चांगलं कळतं.

आमच्या भागात तर सेवेला हंगाम असतो. विसर्जनाच्या दिवशी चोपडा लॉन्सजवळच्या गोदाकाठी ‘देव द्या, देवपण घ्या’ म्हणत तरुण मुलं मूर्ती स्वीकारतात, निर्माल्य नदीत जाऊ देत नाहीत, रात्री उशिरापर्यंत पायांवर उभी असतात. झाडं लावणारे गट पावसाच्या तोंडावर जमतात. वर्षातल्या भलत्याच मंगळवारी प्रगणक दारात आला, तर यांतलं काहीही कागदावर येणार नाही. आणि नेमका विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आला तरी अडचण उरतेच. सर्वेक्षणात सामाजिक सहभाग आणि धार्मिक आचरण यांचा गट वेगळा आहे, गप्पागोष्टीही त्याच गटात, आणि त्यात 91 टक्क्यांहून अधिक लोक मोडतात. मंडळाच्या मांडवात गर्दी आवरणाऱ्या माणसाचे चार तास दर्शनाला आलेल्यांच्या वेळेत मिसळले, तर ते पुन्हा वेगळे काढता येत नाहीत.

मग ‘काल’ऐवजी वर्षभराचं विचारावं का? त्यावर अभ्यासकांचा आक्षेप रास्त आहे: लोक विसरतात आणि फुगवूनही सांगतात. म्हणून तासांसाठी मागचे चार आठवडे आणि ‘केलं की नाही’ एवढ्यापुरतं मागचं वर्ष, असे दोन प्रश्न हवेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मोजणीत चार आठवड्यांचाच संदर्भ आहे. अमेरिकेत वर्षाचं विचारतात. तिथे 2023च्या पाहणीत सोळा वर्षांवरचे 28.3 टक्के लोक संस्थांमार्फत काम करणारे निघाले, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपणहून मदत करणारे निम्म्याहून अधिक. ही दुसरी ओळ वेगळी विचारली म्हणून दिसली. शेजारच्या आजींना दवाखान्यात नेणारी बाई स्वतःला स्वयंसेवक म्हणवणार नाही. तिच्यापुढे कामांची यादीच वाचायला हवी.

मग काय, सगळेच स्वयंसेवक? तसं होत नाही. काम घराबाहेरच्यांसाठी, बिनमोबदला, सक्तीविना आणि किमान तासभर झालेलं असावं, ही चाळणी पुरेशी कडक आहे. महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाला 120 तास या चाळणीवर घासून पाहावे लागतील, कारण काहींसाठी त्यामागे गुणांचं आमिष असतं. माझ्या मते नाव स्वखुशीने नोंदवलं असेल तर ते तास धरावेत, पण वेगळ्या रकान्यात.

सेवा मोजायची वस्तू नाही, असं म्हणणाऱ्यांचा मला आदर आहे. कुणाचं पुण्य मोजावं, असं मीही म्हणत नाही. पण 2027च्या सिंहस्थाला गोदाकाठी माणसं लागणार आहेत. कुठल्या वस्तीत, कोणत्या वयाची, किती वेळ देऊ शकणारी माणसं आहेत हे ठाऊक नसलं, की भार त्याच ओळखीच्या चार गटांवर पडतो आणि ते दमतात. बायकांची कितीतरी मदत ‘घरचंच काम’ म्हणून सोडून दिली जाते. त्यासाठी प्रश्नावली घरातल्या कर्त्याने सगळ्यांच्या वतीने भरून चालणार नाही, प्रत्येक प्रौढाला स्वतंत्रपणे विचारलं पाहिजे. पाहणीच्या फेऱ्याही दोन हव्यात: एक गणेशोत्सवानंतर, दुसरी उन्हाळ्यात.