दाराआडचा सुरा

जोसेफ हेलरची 'कॅच-22' ही युद्धकादंबरी संपते तेव्हा तिचा नायक, हवाई दलातला योसारियन, दारातून बाहेर पडत असतो. त्याच्या मेलेल्या मित्राची, नेटलीची प्रेयसी त्या मृत्यूचा दोष त्याला देऊन सुरा घेऊन दाराआड टपलेली. वार थोडक्यात हुकतो आणि हा धूम ठोकतो. संपलं. भूमध्य समुद्रातल्या पिआनोसा बेटावरून सैन्यातून पळालेला हा गडी ठरवल्याप्रमाणे स्वीडनला पोचणार कसा, वाटेत लष्करी पोलीस धरणार की हीच बाई गाठणार, काही कळत नाही. एवढी जाडजूड कादंबरी वाचून पदरात हे? वाचक म्हणून मी चांगलाच चडफडलो. पण स्वतः कथा लिहीत असल्यामुळे लगेच मागची पानं चाळायला बसलो.

आपल्याकडे दिवाळी अंकांतल्या बऱ्याच कथा खिडकीशी संपतात. बाहेर पाऊस, आत नायिका, आणि कथा तिथेच थांबते. लेखकाला पुढचं सुचलेलं नसतं. समीक्षक त्याला सूचक शेवट म्हणतात. (माझ्याही दोन-तीन खिडक्या आहेत, त्या आत्ता नकोत.)

हेलर असा हात झटकत नाही. घरी जाण्याआधी पुऱ्या करायच्या उड्डाणांचा आकडा योसारियनचा वरिष्ठ कर्नल कॅथकार्ट वाढवत 80 वर नेतो. मग योसारियनपुढे सौदा ठेवतो: आमचं गुणगान कर आणि घरी जा. योसारियन आधी हो म्हणतो, नंतर सौदा मोडतो. इथे माणसाचा निर्णय पक्का झाला. उघडं राहिलं ते फक्त त्याचं नशीब.

आणि स्वीडन? ते शेवटी धर्मगुरूच्या तोंडून अचानक येतं. बेपत्ता झालेला वैमानिक ऑर तिथे पोचलाय म्हणे! पण मागे जाऊन पाहा. ऑरचं विमान सारखं समुद्रात पडतं. एकदा तर तराफ्यात बसून तो चहा करतो, गळ टाकतो, खेळण्यातलं वाटावं असं इवलंसं वल्हं काढून मारू लागतो. वाचताना आपण हसतो. आपल्यासोबत उडायला चल म्हणून तो योसारियनच्या मागे लागतो, तेही आपण येडपटपणात जमा करतो. ती सगळी पळून जायची तालीम होती! शेवटाची तयारी अशी विनोदाच्या पोटात लपवणं मला अजून साधलेलं नाही.

माइक निकोल्सच्या 1970 च्या चित्रपटात योसारियन छोट्याशा तराफ्यातून समुद्रात वल्हवताना दिसतो. पडद्यावर ते शोभतं, पण समुद्र दिसला की लक्ष अंतराकडे जातं. पुढे 1994 मध्ये हेलरने 'क्लोजिंग टाइम' लिहिली. तीत योसारियन म्हातारा होऊन न्यूयॉर्कमध्ये आहे. म्हणजे वाचला. हे कळल्यावरही पहिल्या कादंबरीचं शेवटचं पान माझ्यासाठी तसूभर बदललं नाही.

हेलर स्वतः कॉर्सिकाहून बी-25 विमानात बॉम्ब टाकणारा म्हणून 60 मोहिमा उडाला आणि रीतसर घरी परतला. तो शेवट त्याच्याकडे आयता होता. योसारियनला त्याने तो दिला नाही. दिला असता तर आकडा पुरा करणाऱ्याला सोडतात, हे कर्नलचं म्हणणंच खरं ठरलं असतं.